शॉक म्हणजे धक्का नव्हे: हातपाय गार पडायला लागले की काय करायचं, पहिल्यांदाच तोंड देणाऱ्यांसाठी

आमच्या घरात हे होऊन गेलंय म्हणून लिहितेय. आम्ही रेणापूर तालुक्यातल्या एका गावात राहतो, लातूर जवळच. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, तीन दिवस हुडहुडी भरून ताप येत होता. लघवीला जळजळ होत होती पण लाजेनं कुणाला सांगितलं नाही. गावातल्या डॉक्टरांनी रोज एक इंजेक्शन आणि एक सलाईन दिलं. चौथ्या दिवशी पहाटे पाचला मी चहा टाकायला उठले, आत्यांच्या कपाळाला हात लावला तर गार. मला इतकं बरं वाटलं की ताप उतरला एकदाचा. मग त्यांनी मला विचारलं, "लेकरं आली का गं शाळंतून?" पहाटे पाचला. मी म्हणलं झोपेत असतील.

आमच्याकडं बीपीचं डिजिटल मशीन आहे. लावलं तर एरर दाखवलं. परत लावलं, परत एरर. आमच्या ह्यांनी मशीनचे सेल बदलले, त्यासाठी टीव्हीच्या रिमोटातले काढले. तिसऱ्यांदा आकडा आला, ७४/४०, पल्स १२८. आम्ही दोघं एकमेकांकडं बघून म्हणलो मशीन बिघडलंय. मशीन बिघडलं नव्हतं, आत्यांचा बीपी खरंच तेवढाच राहिला होता, आणि एरर येत होतं कारण मशीनला नाडी नीट सापडतच नव्हती. त्यानंतर माणसं गोळा करणं, दिरांना फोन, पैसे, बोलेरोवाल्याला उठवणं यात दीड तास गेला. आत्या वाचल्या, नऊ दिवस आयसीयूत होत्या. पण तो दीड तास अजून माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे सगळं क्रमानं लिहिलंय. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांना विचारून, समजून घेऊन, जे घरच्या माणसाला करता येतं तेवढंच सांगते.

१. आधी शब्दाचा घोळ सोडवा

आपल्याकडं शॉक म्हणलं की करंट लागला, नाहीतर वाईट बातमी ऐकून माणूस सुन्न झाला, हेच डोक्यात येतं. आयसीयूच्या दारात डॉक्टर म्हणाले "पेशंट शॉकमध्ये आहे" तर आमचे दीर म्हणाले, "नाही हो डॉक्टर, आईला कुणी काही बोललेलं नाही."

डॉक्टर म्हणतात तो शॉक वेगळा. शरीरातल्या अवयवांना लागतं तेवढं रक्त, म्हणजे रक्तातून जाणारा ऑक्सिजन, पोचेनासा होतो तो शॉक. मग शरीर काय करतं, हात, पाय, कातडी यांचं रक्त कमी करून मेंदू आणि हृदयाकडं वळवतं. म्हणून हातपाय गार पडतात. किडनीचंही कमी करतं म्हणून लघवी आटते. हृदय जोरात पळायला लागतं म्हणून नाडी वाढते. एवढं सगळं करून शरीर बीपी धरून ठेवतं, आणि जेव्हा तेही जमेना तेव्हा बीपी पडतो. म्हणजे बीपी पडणं ही सुरुवात नव्हे, तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो. हे एक वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी कपाळाऐवजी हात बघितला असता.

२. कशानं येतो

रक्त किंवा पाणी कमी झाल्यानं: मळणी यंत्रात हात जाणं, रोडवरचा अपघात, बाळंतपणानंतर न थांबणारं रक्त, मोठं भाजणं, आणि पहिल्या पावसानंतर विहिरीचं पाणी गढूळ झालं की होणारे जुलाब-उलट्या. पोटात मार लागला असेल तर रक्त बाहेर दिसत नाही, आतल्या आत जातं, त्यामुळं "वरून तर काही लागलं नाही" यावर जाऊ नका.

हृदयानंच पंपाचं काम सोडल्यानं: मोठा हार्ट अटॅक. लाल विंचू चावल्यावरही असं होऊ शकतं, घाम, उलट्या, गार हातपाय आणि मग फेसाळ खोकला. विंचवाच्या या दंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे दाखवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, काम त्यांनी महाडला केलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा विंचू चावला की मंत्र घालणाऱ्याकडं न्यायचं कारणच उरलेलं नाही.

जंतुसंसर्ग रक्तात पसरल्यानं: आत्यांना झालं ते हे. लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, शुगरवाल्याच्या पायाची जखम, कशातूनही होतं. यात सुरुवातीला हातपाय गार नसून उलट गरम, लालसर असू शकतात, म्हणून फसायला होतं.

अ‍ॅलर्जीनं: गांधीलमाश्या, आग्या मोहोळ, एखादं इंजेक्शन, शेंगदाणा. काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, श्वास घरघरतो आणि माणूस कोसळतो. सगळ्यात फास्ट हाच.

यापलीकडं छातीत हवा कोंडून फुफ्फुस दबणं, फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ अडकणं, मानेच्या मणक्याला मार, अशीही कारणं आहेत. पण घरी बसून कारण शोधायचं नाही. ओळखायचं आणि निघायचं.

३. दोन मिनिटांत काय बघायचं

मशीन नंतर. आधी हात लावा.

तळहात आणि तळपाय: गार आणि ओलसर आहेत का? कपाळ नाही, हातपाय. ताप "उतरला" आणि माणूस मात्र जास्तच मलूल झाला तर तो आराम नाही. सावळ्या अंगावर फिक्कटपणा कळत नाही, म्हणून ओठाच्या आतली बाजू आणि खालच्या पापणीच्या आतला भाग बघा.

नख: बोटाचं नख पाच सेकंद दाबून धरा, पांढरं होईल, मग सोडा. दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला पाहिजे. तीन सेकंदांहून जास्त लागले तर धोका धरा. मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर छातीच्या मधल्या हाडावर दाबून बघा. डिसेंबरच्या थंडीत धडधाकट माणसाचंही नख उशिरा भरतं, म्हणून एकट्या नखावर निकाल लावू नका, बाकीच्यांसोबत बघा. लातूरच्या कॅज्युअल्टीत त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आत्यांचं नख दाबलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, आणि मीपण बघितलं. सेकंदकाटा पाच घरं पुढं गेला तरी नख पांढरंच होतं. बाईंनी काही न बोलता स्ट्रेचर आत ओढलं.

नाडी: मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा, तीस सेकंद मोजा, दुप्पट करा. पडून असलेल्या मोठ्या माणसाची १०० च्या वर असेल तर काळजीचं, १२० च्या वर असेल तर फार. धाग्यासारखी बारीक लागते किंवा मनगटावर लागतच नाही, हे त्याहून वाईट. एक अपवाद ध्यानात ठेवा, बीपीसाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल अशा गोळ्या चालू असतील तर नाडी वाढतच नाही.

श्वास: छाती किती वेळा वर येते ते मोजा. मिनिटाला १२ ते २० नॉर्मल, २२ च्या वर गेला तर गडबड आहे.

बोलणं: घाबरा होणं, उगीच चिडणं, बरळणं, ग्लानी. "म्हातारपणामुळं असं बोलतायत" असं म्हणायची आपल्याला सवय आहे. प्रश्न एवढाच विचारा की कालपर्यंत असं बोलत होते का.

लघवी: शेवटची कधी झाली? घरातल्या बाईमाणसांच्या बाबतीत हे कुणाला माहितीच नसतं. मला विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही. मागून हिशोब लावला तर आदल्या दुपारपासून झालेली नव्हती. नळी घातल्यावर थोडीशीच आली, काळ्या चहासारखी.

बीपी: वरचा आकडा ९० च्या खाली म्हणजे सरळ इमर्जन्सी. पण ज्यांचा नेहमीच १५०-१६० असतो त्यांचा ११० झाला तर तोही पडलेलाच समजा. आणि तरण्या माणसात बीपी चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नका. मोठ्या माणसात साधारण पाच लिटर रक्त असतं, त्यातलं दीड लिटरच्या आसपास जाईपर्यंत तरण्या शरीराचा बीपी टिकून राहू शकतो, आणि मग एकदम कोसळतो. सोपी खूण सांगते, पल्सचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याच्या बरोबरीला आला किंवा पुढं गेला तर थांबायचं नाही. मशीन दोनदा एरर दाखवत असेल, ऑक्सिमीटर गार बोटावर आकडाच देत नसेल, तर सेल बदलत बसू नका. माणसाकडं बघा.

यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या की झालं, पुढच्या पायरीवर जा.

४. फोन आधी, माणसं नंतर

१०८ लावा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, पैसे लागत नाहीत, गाडीत डॉक्टर असतात. बाळंतिणीसाठी आणि तान्ह्या बाळासाठी १०२ पण आहे. फोनवर गाव, तालुका, जवळची खूण (मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी, साखर कारखान्याचा फाटा) आणि एका वाक्यात हालत सांगा. एक पोरगा मोबाईल घेऊन फाट्यावर उभा करा, रात्री गाड्या आतल्या रस्त्याला चुकतात.

गाडीला फार वेळ लागणार असं कळलं तर गावातली गाडी काढा, पण मागं आडवं झोपवता येईल अशी. मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेऊ नका, शॉकमधल्या माणसाला उभं किंवा ताठ बसवलं की मेंदूकडं जाणारं उरलंसुरलं रक्तही खाली उतरतं.

कुठं न्यायचं? जवळ ग्रामीण रुग्णालय असेल तर तिथं सलाईन-ऑक्सिजन सुरू होऊन पुढं जाता येतं. पण आयसीयू नसलेल्या छोट्या खासगी दवाखान्यात ॲडमिट करून "संध्याकाळपर्यंत बघू" यात पडू नका. आम्ही आधी ज्या दवाखान्यात गेलो तिथं आयसीयूचा बेडच नव्हता, केसपेपर काढून झाल्यावर सांगितलं. आधी फोन करून दोनच प्रश्न विचारा, आयसीयू बेड रिकामा आहे का आणि रक्ताची सोय आहे का. आपल्या भागात लातूरचं मेडिकल, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडला विष्णुपुरी, संभाजीनगरला घाटी ही मोठी सरकारी ठिकाणं आहेत, आपल्या गावापासून कुठलं जवळ पडतं ते आजच ठरवून ठेवा.

५. गाडी येईपर्यंत

सपाट झोपवा, पाय उशीवर किंवा घडी केलेल्या गोधडीवर फूटभर वर. पण डोक्याला, मानेला, पाठीला किंवा पायाला मार असेल तर पाय उचलू नका. धाप लागली असेल, छातीत दुखत असेल तर अर्धवट बसतं ठेवा, झोपवलं तर जीव आणखी गुदमरतो. पोटुशी बाई असेल तर डाव्या कुशीवर. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल पण श्वास चालू असेल तर कुशीवर. श्वासच थांबला तर छाती दाबणं सुरू करा, १०८ वाले फोनवर सांगत राहतात.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळहातानं जोर लावून दाबा आणि दाबूनच ठेवा. दर मिनिटाला कापड उचलून "थांबलं का" बघू नका. भिजलं तर वरून दुसरं ठेवा. हळद, चुना, कॉफी पावडर काही भरू नका.

पांघरूण घाला. मेच्या उन्हात अंगणात पडलेल्या माणसाला मात्र आधी सावलीत घ्या, अंग तापलेलं असेल तर गार पाण्यानं पुसा, वारा घाला, तिथं गोधडी नको. पांघरूण हे गार पडलेल्या माणसासाठी.

घड्याळ बघून वेळ लिहा: कधी सुरू झालं, शेवटचं जेवण, शेवटची गोळी, शेवटची लघवी.

६. इथं लोक फसतात

"वीकनेस आलाय, एक सलाईन लावू." हा सगळ्यात मोठा सापळा. गावात बाटली टांगली की घरच्यांना वाटतं उपचार सुरू झाले आणि तीन-चार तास निघून जातात. त्यात बाटली ग्लुकोजची असेल तर शॉकमध्ये तिचा फारसा उपयोग होत नाही, आणि हृदयाच्या शॉकमध्ये जास्तीचं पाणी फुफ्फुसात उतरतं. सलाईन वाईट नाही, पण कुठलं, किती, कोणाला हे ठरवणारा माणूस आणि सोय पाहिजे.

तोंडात पाणी, चहा, साखर ओतणं. ग्लानीतल्या माणसाच्या ते श्वासनळीत जातं. जुलाबवाला माणूस पूर्ण शुद्धीत असेल, गिळत असेल तर ओआरएस जरूर द्या, मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, एका ग्लासात नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा छोटा, चहाचा. पण हातपाय गार पडले, डोळे मिटायला लागले की ओआरएसची वेळ गेली, आता शिरेतूनच लागतं.

साप चावल्यावर करकचून दोरी बांधणं, चिरा देणं. घोणस, फुरसं चावलं की रक्त गोठायचं थांबतं, तिथं चीर दिली तर रक्त थांबत नाही. हातपाय हलू देऊ नका आणि सरळ सरकारी दवाखाना, सापाच्या विषावरची लस तिथं विचारा.

अ‍ॅलर्जीत सेट्रिझिन देऊन वाट बघणं. त्यात जीव वाचवणारं औषध अ‍ॅड्रिनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात. दवाखान्यात पोचल्यावर बिनधास्त विचारा, "अ‍ॅड्रिनॅलिन दिलं का?" आणि थोडं बरं वाटलं म्हणून पेशंटला उठून चालू देऊ नका, पडूनच राहू द्या.

बाळंतिणीचं रक्त "जाऊ दे, घाण निघून जाते" म्हणणं. माझ्या माहेरी हे ऐकत मी मोठी झाले. कपडे एकामागं एक भिजत असतील, तिला गरगरतंय, तहान तहान करतेय, तर ती घाण नाही, तिचा जीव चाललाय. आशाताईला उठवा, गाडी बोलवा.

रोडवर कुणी पडलेलं दिसलं आणि पोलिसांच्या भानगडीला भिऊन लोक थांबत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला झालेल्या दुरुस्तीनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव-गाव सांगायची सक्ती करता येत नाही. उचला आणि पोचवा.

७. सोबत काय घ्यायचं

आमची पिशवी आता कपाटाच्या खालच्या कप्प्यात तयार असते:

- आधार कार्ड, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड, प्रत्येकाची झेरॉक्स
- जुनी फाईल, शेवटचे रक्त-लघवीचे रिपोर्ट, शेवटचा ईसीजी
- चालू गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी (नाव आठवत नाही, "पांढरी बारीक गोळी" सांगून काही होत नाही)
- एका कागदावर: शुगर, बीपी, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, ब्लड ग्रुप
- चार्जर, थोडी रोकड, चादर, पाण्याची बाटली

कवळी काढून घरीच ठेवा. आणि रक्त देऊ शकतील अशी दोन धडधाकट माणसं सोबत घ्या, बाकीच्या पंधरा जणांना सकाळी यायला सांगा. पण पिशवी सापडत नाही म्हणून गाडी थांबवू नका, कागद मागून येतात.

८. कॅज्युअल्टीत काय बोलायचं

मी म्हणलं होतं, "तीन दिवस ताप होता, अशक्तपणा लई आलाय." हे वाक्य रोज शंभर जण बोलतात. असं बोला: "काल दुपारपासून लघवी नाही, हातपाय गार, पल्स १२८, पहाटेपासून बरळतायत." मग केसपेपरची लाईन कुणी धरायला सांगत नाही. शुगर, गरोदरपण, नुकतंच ऑपरेशन, गावात दिलेली इंजेक्शनं, सगळं सांगा. गावातल्या डॉक्टरला वाईट वाटेल म्हणून लपवू नका.

आत मग पटापट होतं आणि भीती वाटते, म्हणून आधीच सांगते. ऑक्सिजन लावतात, दोन्ही हातांत जाड सुया घालतात, रक्त काढतात, लघवीची नळी घालतात म्हणजे ताशी किती होते ते मोजता येतं. इन्फेक्शनचा शॉक असेल तर अँटिबायोटिक पहिल्या तासात जायला पाहिजे, आणि पहिल्या तीन तासांत वजनाच्या किलोला साधारण ३० मिली सलाईन, म्हणजे पन्नास किलोच्या आत्यांना दीड लिटर. एवढ्यानंही बीपी उभा राहिला नाही तर नॉरअ‍ॅड्रिनॅलिन नावाचं औषध पंपावर लावतात, त्यासाठी बऱ्याचदा मानेच्या मोठ्या शिरेत नळी. सहीला कागद येतो, वाचा, प्रश्न विचारा, पण "थोरल्या भावाला येऊ द्या" म्हणून अडवून धरू नका. आणि हात जोडून सांगते, सलाईनची चक्री स्वतःच्या हातानं फिरवू नका, ना जोरात ना हळू.

९. पैसे आणि रेफर

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार बसतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, ॲडमिट झाल्या-झाल्या एका माणसानं फक्त त्यांच्याकडं जायचं, नऊ दिवसांनी बिल हातात आल्यावर नाही. हेल्पलाईन १५५३८८. दवाखाना योजनेत आहे का हे आधी विचारा.

दुसरीकडं रेफर केलं तर तीन गोष्टी घेतल्याशिवाय निघू नका: काय काय दिलं आणि किती वाजता त्याची चिठ्ठी, पुढच्या ठिकाणी बेड असल्याची फोनवर खात्री, आणि ऑक्सिजन-डॉक्टर असलेली गाडी. पंप चालू असलेला पेशंट साध्या गाडीत हलवत नाहीत.

१०. घरी आल्यावर

आयसीयूतून आलेलं माणूस पहिल्यासारखं लगेच होत नाही. आत्या महिनाभर भिंत धरून चालत होत्या, रात्री दचकून उठायच्या, तिथले आवाज ऐकू येतात म्हणायच्या. हे होतं, हळूहळू कमी होतं. बीपीच्या जुन्या गोळ्या लगेच सुरू करायच्या का हे डॉक्टरांनाच विचारा, आपल्या मनानं करू नका. क्रिएटिनिनची तपासणी सांगितलेल्या तारखेला करा, किडनीला मार बसलेला असतो. जळजळ, ताप, जखम चिघळणं परत दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

आता आमच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय. वर १०८, खाली लातूरच्या कॅज्युअल्टीचा नंबर, त्याखाली माझ्या पोरीनं स्केचपेननं काढलेला अंगठा आणि त्याच्या बाजूला "१, २, गुलाबी?" असं लिहिलंय. परवा शेजारच्या काकू तापल्या तेव्हा आत्या स्वतः काठी टेकत गेल्या आणि आधी त्यांचा हात हातात घेऊन नख दाबून बघितलं.